मोठ्या बाई आणि नाळेची पावडर

मोठ्या बाईंना वॉर्डातलं प्रत्येक बाळ त्याच्या आईच्या नावानं ठाऊक असे. "सखूचा रडून राहिला, पाह्य वं," असं त्या पाळण्याकडे न बघताच मला सांगत. अकोल्याच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या मुख्य सिस्टर होत्या आणि मी नवी नर्स. साठ सालच्या आसपासची गोष्ट.

त्या वर्षी चांगली टपोरी बाळं पाच-सहा दिवसांची झाली की दूध ओढेनाशी होत. दातखीळ बसे, अंग ताठ होई. धनुर्वात! बाईंनी कात्र्या पुन्हा पुन्हा उकळल्या, चादरी उन्हात टाकल्या, आम्हा सगळ्यांचे हात तपासले. बाळं जातच राहिली.

मग नाळेवर टाकायची पावडर संपली. नवा डबा येईपर्यंत जन्मलेलं एकही बाळ आजारी पडलं नाही. डबा आला आणि पुन्हा सुरू झालं. बाईंनी थोडी पावडर तपासायला नागपूरला पाठवली आणि डबा कपाटात कुलूपबंद केला.

"सिस्टर, पावडरीनं कुठं कुणी मरतं?" मोठे डॉक्टर हसले. त्यांनी कुलूप उघडायला सांगितलं. बाईंनी उघडलं. अहवाल येईपर्यंत आणखी दोन बाळं गेली.

पावडरीत धनुर्वाताचेच जंतू निघाले. उरलेली पावडर गुपचूप पुरण्यात आली. बाहेर कुणी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला.

बाईंनी तो मानला नाही. मला घेऊन त्या मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात गेल्या. शेवटचं गेलेलं बाळ कमलचं होतं. तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माय, तुह्या लेकराले त्या पावडरीनं मारलं. म्या माह्या हातानं लावली होती."

मीही लावली होती. पण मी तोंड उघडलं नाही.

कमल म्हणाली, "तुमी लावत होत्या तवा तो रडतबी नव्हता, बाई." आणि तिनं बसायला पाट टाकला. बाईंना त्यावर बसवेना.

महिन्याभरात त्यांची परतवाड्याला बदली झाली. तिथं त्यांनी बाळंतिणींचा वॉर्ड नको म्हणून मलमपट्टीचं काम मागून घेतलं. मी भेटायला गेले, तेव्हा शेजारणीनं आपली तान्ही मुलगी मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चांगली हाये," एवढंच म्हणाल्या.