युलालियाची दाढ आणि रुफिनोचा नंबर

अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या युमाच्या शेतांत जानेवारीत सकाळी लेट्यूसच्या गड्ड्यांवर बर्फ धरतं. ते वितळेपर्यंत चाकू लावता येत नाही, म्हणून आम्ही बसजवळ हात चोळत थांबतो. थंडीनं आणि धुळीनं सगळ्याच बायका तोंडाला रुमाल बांधतात. त्यामुळे युलालियाचा गाल तीन दिवस सुजलेला होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या ओळीत काम करत होती. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं बरिटो नुसता हातात धरून ठेवला, तेव्हा मी तिचा रुमाल खाली ओढला. उजवा डोळा अर्धा मिटला होता.

"कधीपासून?"

"रविवारपासून. हळू बोल, चेलो. मुकादमाला कळलं तर घरी बसवेल."

संध्याकाळी मी तिला गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिची भाची येसेनिया बरोबर आली. ती इथंच जन्मलेली, मावशीचं इंग्रजी तीच बोलायची. डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढला, गोळ्या लिहून दिल्या. दाढ वाचवायची तर रूट कॅनाल आणि वर टोपी, अठराशे डॉलर. काढायची तर तीनशे. "आठवड्याच्या वर थांबू नका," ते म्हणाले. "सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकतो."

युलालियाचा हात आपोआप गळ्याकडे गेला. पुढचे कितीतरी दिवस ती बोलता बोलता गळा चाचपून बघायची.

काउंटरवरच्या बाईनं एक कागद पुढे सरकवला. दवाखान्यासाठीचं उधारीचं कार्ड. आज काही भरायचं नाही, वर्षभर व्याज नाही. येसेनियानं मागची बारीक अक्षरं वाचली. वर्ष संपताना थोडीही बाकी उरली, तर व्याज पहिल्या दिवसापासूनचं. आणि सगळ्यात वर सोशल सिक्युरिटी नंबरची, म्हणजे इथल्या सरकारी ओळख नंबरची चौकट. युलालियाला तो नंबर नव्हता. कंपनीत चालवलेला नंबर तिचा नव्हता, आणि तो दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहायची तिची छाती नव्हती.

"माझ्या नावावर घेऊ ना, मावशी."

"तुझं कॉलेजचं कर्ज कमी आहे का? मला उद्या इमिग्रेशनवाल्यांनी उचलून नेलं, तर माझी दाढ तू फेडत बसशील."

तिनं कागद परत सरकवला.

सीमेपलीकडे मेक्सिकोत, लॉस अल्गोदोनेसला दाढ वाचवायचं हेच काम साडेचारशेत होतं. आमच्या टोळीतली कागदपत्रं असलेली माणसं दातांसाठी शनिवारी तिकडेच जातात. शनिवारी सकाळी युलालिया माझ्या दारात उभी. "मला पलीकडं ने," म्हणाली. रात्रभर दुखण्यानं तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मी गाडी काढली.

सीमेच्या फाटकाजवळच्या पार्किंगमध्ये आम्ही बसून राहिलो.

"जाताना कुणी कागद विचारत नाही ना?"

"जाताना नाही. येताना विचारतात."

"मग आणलंस कशाला मला?"

"तूच म्हणालीस."

"मी म्हणाले, आणि तू ऐकलंस?"

तेवढ्यात सीमेवरचा एक हिरव्या वर्दीतला पोलीस कुत्रा घेऊन गाड्यांमधून चालत आला. युलालिया सीटवरून घसरून खाली बसली. तिचे दात वाजत होते, आणि प्रत्येक आवाजासरशी ती कळवळत होती. मी गाडी वळवली. गाव येईपर्यंत तिनं डोकं वर काढलं नाही.

उरली आमची भिशी. ती मीच चालवते. बारा जण, आठवड्याला पन्नास, ज्याचा नंबर लागेल त्याला सहाशे. युलालियाचा नंबर दहावा, आणि तो आठवडा होता तिसरा, आमच्याच टोळीतल्या रुफिनोचा. त्याला ट्रकचा गिअरबॉक्स करायचा होता.

"नको विचारूस," ती म्हणाली. "तोंडावर नाही म्हणाला तर मी शेतात उभी कशी राहू?"

तरी मी रुफिनोला विचारलं, तिच्याशी नंबर बदलशील का. त्यानं मान खाजवली. "तिला नेलंबिलं, तर राहिलेले हप्ते कोण भरणार?"

वाईट वाटलं, पण प्रश्न खोटा नव्हता.

"मी भरीन," मी म्हटलं.

"मग सात आठवडे रोज सकाळी मला न्यायला यायचं. कॉफीसकट."

सोमवारी काम सुटल्यावर ती खुर्चीत बसली. येसेनिया अजून म्हणत होती, टोपी नंतर घाल, पण दाढ ठेव. युलालियानं ऐकलं नाही. थोडं देऊन बाकी मागे ठेवायची तिला हिंमत नव्हती. "काढून टाका," ती म्हणाली. मग भाचीला जवळ ओढून कुजबुजली, "विचार, माझं नाव कुठं पाठवतात का?"

"कुठंही नाही," डॉक्टर म्हणाले. "इथल्या कपाटात राहतं."

तिचा विश्वास बसला नाही. तरी तिनं तोंड उघडलं. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा चार दिवस होत्या.

गुरुवारपर्यंत सूज उतरली. उरलेले तीनशे तिनं रुफिनोला दिले, बाकीचे दहाव्या आठवड्यात. एकही हप्ता चुकवला नाही.

पुढच्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये नवी भिशी सुरू करताना तिनं शेवटचा नंबर मागितला.

"सगळे पहिला मागतात," मी म्हटलं.

"माझं देणं कुणाच्या अंगावर पडायला नको. मध्येच मला नेलं, तर भरलेले पैसे येसेनियाला दे." तिनं रुमाल बांधला आणि चाकू उचलला. "तिचा फोन नंबर लिहून घे. आत्ताच."

मी लिहून घेतला.