फॅमिली रूममधले शनिवार

आई गेली त्याच वर्षी अण्णाची, म्हणजे माझ्या भावाची, दिल्लीला बदली झाली. वहिनी आणि मुलं परीक्षा संपल्यावर त्याच्याकडे गेली आणि बळेपेटेमागच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. साठचं दशक नुकतं लागलं होतं. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. लग्नाचं वय आईच्या आजारपणात निघून गेलं होतं आणि आता तो विषय कुणी काढतही नव्हतं.

आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि मराठी फक्त घरात, तीही निम्मी कन्नडाळलेली. आता घरात बोलायलाच कुणी नव्हतं. दिवसच्या दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे. एकदा दूध उतू जायला आलं तेव्हा मी त्यालाच म्हणाले, "स्वल्प थांब रे," आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

एकटीपुरता भात होतो, सार होतं. पण दोशाचं पीठ एका माणसापुरतं वाटता येत नाही. रगडा एवढा मोठा, तांदूळ मूठभर. नुसता दगडावर दगड फिरत राहतो. आईच्या हाताचे दोसे आठवायला लागले की मला काही सुचत नसे. शेवटी एका शनिवारी, कचेरी अर्धा दिवस होती म्हणून, मी धीर करून गांधी बझारातल्या एका हॉटेलात शिरले.

दालनात बाकांवर सगळे पुरुष. बायकांसाठी मागे फॅमिली रूम: लाकडी फळ्यांचे चार आडोसे, प्रत्येकाला हिरवा पडदा. वाढणाऱ्याला, तिथल्या भाषेत सप्लायरला, मी एक मसाला दोसा सांगितला. त्यानं विचारलं, "आणि बाकीचे?"

"येतायत," मी म्हणाले.

समोरच्या रिकाम्या बाकावर मी माझी पिशवी ठेवली. दोसा आला. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आतून लाल चटणीचा हात फिरवलेला, वर लोण्याचा गोळा विरघळत चाललेला. मी इतक्या हावरटासारखा खाल्ला की चटणीची वाटीही बोटानं पुसून घेतली. मग कॉफी हवी होती, पण अर्धीच. तिथे एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची पद्धत, 'बाय-टू' म्हणतात. एकटीनं बाय-टू कशी मागायची? मी अख्खी मागवली आणि निम्मी टाकून उठले.

पुढे दर शनिवारी जाऊ लागले. 'येतायत' म्हणायची गरज उरली नाही, सप्लायरनं विचारणं सोडून दिलं होतं. त्याला माझी दया आली म्हणून की सवय झाली म्हणून, कोण जाणे. मला दोन्ही नको होतं.

गौरीच्या सणाआधीच्या शनिवारी बाजार नुसता फुलून गेला होता. मी नुकती बसले होते, तेवढ्यात सप्लायरनं पडदा सारला. "अम्मा, स्वल्प अॅडजस्ट करा, जागाच नाही." त्याच्यामागून पन्नाशीची एक बाई आत आली. नऊवारीच, पण आमच्यासारखी नाही, अय्यरांची नाही, माध्व ब्राह्मणांच्या बायका नेसतात तशी. कपाळावर मोठं कुंकू, नाकात दोन्हीकडे चमक्या. बसल्या बसल्या तिनं पडदा नीट ओढून घेतला, फट राहिली का पाहिलं आणि मग मला म्हणाली, "मगू, मी इथे आले होते असं कुणाला सांगू नकोस हं."

मगू म्हणजे बाळ. तिशी उलटल्यावर मला कुणी बाळ म्हटलं नव्हतं.

तिच्या घरी कडक सोवळं. कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे, हॉटेलचं पाणीसुद्धा वर्ज्य. लहानपणी माहेरच्या शेजारणीकडे तिनं कांद्याची भाजी चाखली होती, तेव्हापासून जीव त्यात अडकलेला. शनिवारी आंजनेयाच्या, म्हणजे मारुतीच्या, देवळाला जाते असं घरी सांगून ती निघायची, इथे घाईघाईनं कांदा-बटाट्याचा दोसा खायची आणि मग धावत देवळात.

"देव रागवत नाही?" मी विचारलं.

"तो वायूचा मुलगा, मगू. त्याला माझ्या तोंडाचा वास केव्हाच पोचला असेल. माझ्या यजमानांना पोचू नये म्हणजे झालं!" आणि ती खांदे हलवत, आवाज न करता हसली.

मी तिला अम्मा म्हणाले तर तिनं हात हलवला. "घरात सगळे अम्माच म्हणतात. तू अक्का म्हण."

त्या दिवशी आम्ही बाय-टू कॉफी घेतली.

त्यानंतर मीच एक युक्ती काढली. देऊळ उघडताक्षणी मी आधी जाऊन तिला घरी दाखवायला तुळस आणि कुंकू घेऊन यायची. तिला मग धावावं लागत नसे. खाऊन झालं की आम्ही बाजारातून निवांत फिरायचो. कॉफीच्या दुकानात बिया भाजत असत. तिथे ती काही न घेता उभी राहायची, नुसता वास घेत. बांगडीवाल्याकडे माझ्या हातावर हिरव्या बांगड्या धरून बघायची. "तुझा हात लहान आहे, माझ्या धाकटीसारखा," म्हणायची. धाकटी म्हणजे तिची मुलगी, ती लहानपणीच तापानं गेली होती. एवढं एकदाच बोलली. बेकरीतून मी खारे शेंगदाणे घ्यायची, ते आम्ही वहाणांच्या दुकानाच्या पायरीवर बसून खायचो. निघताना ती दोन लवंगा तोंडात टाकायची आणि माझ्यासमोर तोंड उघडून विचारायची, "येतो का वास?" मी नाही म्हणायची. यायचा थोडा.

तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं विचारलं नाही. तिचं घर देवळामागच्या कुठल्यातरी गल्लीत, एवढंच मला ठाऊक. पण सोमवार उजाडला की अक्काला काय काय सांगायचं ते मी मनात साठवायला लागायची. आमच्या साहेबांची नवी टोपी, वहिनीनं दिल्लीहून पाठवलेला स्वेटर, जो बेंगळुरात कधीच घालता येणार नव्हता.

मग संक्रांतीनंतर ती यायची थांबली. पहिल्या शनिवारी वाटलं पाहुणे असतील. पुढच्या शनिवारी वाटलं, घरी कळलं. मी तुळस आणतच राहिले आणि ती पर्समध्ये वाळत राहिली. देवळामागच्या गल्ल्यांतूनही फिरले, पण कुणाला काय विचारणार? कांद्याचा दोसा आवडणाऱ्या बाईचं घर कुठलं?

उन्हं तापायला लागली तेव्हा ती दिसली. देवळाच्या मागच्या ओट्यावर, खांबाला टेकून. मी आधी ओळखलंच नाही. फिकट लाल साडी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पदराखाली केस नव्हते. कपाळ मोकळं, नाक मोकळं. जवळच एक तरुण बाई, सून असावी, प्रदक्षिणा घालत होती.

मी शेजारी बसले. सून देवळाच्या पुढच्या बाजूला वळली तशी अक्काच बोलली, समोर बघत.

"आजचा पल्य कसा होता?"

पल्य म्हणजे दोशातली बटाट्याची भाजी.

"अजून गेले नाही मी," मी म्हणाले. आणि मग घाईनं, "मी आणू अक्का? केळीच्या पानात बांधून? कुणाला कळणार नाही."

"नको." तिनं पदर आणखी पुढे ओढला. "कळायची भीती होती तेव्हा मजा होती, मगू. आता मला भीती कुणाची? पण घशाखालीच जाणार नाही."

सून पुन्हा समोर आली, आमच्याकडे बघून पुढे गेली.

"मोठ्या मुलाकडे म्हैसूरला जाणार आहे, या आठवड्यात. इथलं घर सोडतोय." तिनं माझा हात हातात घेतला, मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून बघितलं. "तू खातेस ना नीट?"

"खाते."

"सरी, बरं," ती म्हणाली. सून आली तेव्हा तिनं माझा हात सोडला होता. कोण म्हणून सुनेनं विचारलं असावं, कारण जाताना अक्काचे शब्द ऐकू आले: "अशीच. देवळात भेटते ती."

पुढच्या शनिवारी कचेरी सुटल्यावर मी गांधी बझारापर्यंत गेले. हॉटेलसमोर नेहमीसारखी गर्दी होती. सप्लायरनं दारातून मला पाहिलं आणि आत एक रिकामा आडोसा असल्याची खूण केली. मी नको म्हणून मान हलवली आणि चालत राहिले. बळेपेटेत येऊन तांदूळ धुतले, साराला फोडणी दिली, जेवले, ताट घासून पालथं घातलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी चहाला हाका मारत होतं.