इंजिनचा पिवळा दिवा

पोळा होऊन आठवडा झाला असेल, माझ्या गाडीच्या स्टिअरिंगमागे इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला आणि आमच्या घरातला जो तो मेकॅनिक झाला. दीर म्हणाले, लिंबू-मिरची बांधा. शेजारीण म्हणाली, दिव्यावर टिकली चिकटवा, दिसलाच नाही म्हणजे झालं. आमचे हे काही म्हणाले नाहीत, आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटलं.

झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी शिक्षिका आहे. पांढरकवड्याहून तिकडे जाणारी एसटी आली तर आली. म्हणून ही जुनी गाडी घेतली, चाळिशीत चालवायला शिकले आणि तेव्हापासून घरून जाऊन-येऊन नोकरी करते. गाडी गेली तर एक तर तिकडे खोली करून एकटीनं राहायचं, नाहीतर नोकरी सोडून घरी बसायचं. ह्यांना दुसरा मार्ग मनापासून पसंत होता.

हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं पहिल्यांदा त्याच्या मशीननं दिवा पुसून टाकला. "पेट्रोलमंदी कचरा असन, मॅडम." दोन दिवसांनी जंगलातल्या चढावर दिवा परत लागला आणि गाडीचा जीव गेल्यासारखा झाला. मी परत गेले. आता तो म्हणाला, "सेन्सर गेला. नागपूरहून मागवा लागते. त्यानंबी नाही भागलं त मंग गाडीचं कॉम्प्युटर समजा."

कॉम्प्युटर हा शब्द ह्यांनी बरोबर उचलला. "नाकापेक्षा मोती जड झाला. रविवारी एक गिऱ्हाईक येऊन राह्यलं, देऊन टाकू." मामाजी, माझे सासरे, खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मी गाडी शिकताना घरात एकटे तेच माझ्या बाजूनं बोलले होते. त्या दिवशी तेही सुपारीच कातरत राहिले.

मला राग आला की मी भांडत नाही, वाचायला बसते. गाडीचं पुस्तक काढलं. काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली खोचलं की मोबाईलवर बिघाड लिहून येतो. त्यात आलं की धूर जातो त्या नळीवरच्या सेन्सरपर्यंत करंटच पोचत नाही. मग एवढंच विचारायचं होतं की का पोचत नाही. वर्गातला बल्ब लागला नाही तर आपण आधी वायर पाहतो, सरकारला नवं धरण मागत नाही.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर थेट गॅरेजवर गेले आणि म्हटलं, आधी वायर पाहू, मग नागपूरला फोन लावा.

"मॅडम, तुमी पोरं शिकवा. गाडी आमाले पाहू द्या."

"मी जातच नाही. तुम्ही पाहता की मी पाहू?"

उत्तराची वाट न बघता मी बोनेट उचललं, पदर खोचला आणि मोबाईलचा उजेड आत धरला. वायर वरून खाली पाहत गेले. सेन्सरच्या मानेशी ती कुरतडलेली होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं. गॅरेजवाला वाकला. "उंदीर. म्या म्हटलंच होतं, सेन्सर बदला लागते."

"का गेला ते कुठं म्हटलं होतं? नवा लावला आणि तोही खाल्ला तर?"

कारण माझी गाडी अंगणात उभी असते, आजूबाजूला दाणा नाही, पोतं नाही. उंदीर इथंच का आला? मी बोट फिरवलं. चिकट, पिवळं काही तरी लागलं. ऑइल नव्हतं. वास घेतला तर हळद आणि तूप. इंजिनच्या दोन्ही बाजूंना चाकांवर जे गोल उंचवटे असतात ते हळदीनं माखले होते, आणि एका उंचवट्याखाली पळसाचं वाळकं पान अडकलं होतं. तिथूनच तूप वितळून वायरवर उतरलं होतं.

हसू की रडू, मला कळेना. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांना म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमचा गोठा ह्या उन्हाळ्यात रिकामा झाला होता. मामाजींच्यानं आता होत नाही म्हणून ह्यांनी जोडी विकायला लावली होती.

घरी येताना ठरवत होते, मामाजींना नुसतं उंदराचं सांगावं. पण अर्धं सांगितलं असतं तर पुढच्या पोळ्याला परत तूप लागलं असतं. अंगणात मामाजी एकटेच होते. त्यांना सगळं सांगितलं.

ते उठून गाडीपाशी गेले. "मले वाटलं, जू ठेवाची जागा तेच असन. घरातलं कमावतं जनावर आता हेच हाय ना, सूनबाई. त्याले कोरडं कसं ठेवाव?" मग हळूच म्हणाले, "म्हंजे माह्यापायी चालली हे गाडी." संध्याकाळी ते जेवायला उठले नाहीत. मी स्वतःवरच चिडले, पण सांगितलेलं खरं परत घेता येत नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. वायर सेन्सरला जोडूनच येते म्हणून मागवलेला नवा सेन्सर अजून यायचा होता, त्यामुळे दिवा तसाच पेटलेला. मी वायरीचं सांगत होते, पण पाहुणा ह्यांच्याशीच बोलत होता. टायरला लाथ मारून त्यानं भाव पाडला, आणि हे त्या भावालाही तयार झाले. किल्ली खिशातून निघाली.

तेव्हा मामाजी काठी टेकत मधे आले. "गाडीत काई खोट नाही. मी तूप लावलं, उंदरानं वायर खाल्ली." पाहुणा हसला. मामाजी हसले नाहीत. ते लेकाकडे वळले.

"तू म्हटलं, बैल इका, घरी आराम करा. म्या ऐकलं. तवापासून सकाळी उठतो न् कुठी जाव ते समजत नाही. हिले तसं घरी बसवू नको, बाबू."

मामाजींनी ह्यांच्या हातातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि पाहुण्याला म्हणाले, "बसा, चहा घेऊन जा."