पंचावन्नच्या आत

नेरूळच्या अस्मिता गमरेला कबड्डीपुढे दुसरं काही सुचायचंच नाही. चढाईला गेली की अशी निसटायची, की धरायला आलेल्या पोरी एकमेकींनाच धरून बसायच्या. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या जिल्हा संघात तिची जागा जवळजवळ पक्की होती. अट एकच, वजन पंचावन्न किलोच्या आत हवं. आणि नेमका निवड चाचणीच्या तोंडावर लॉकडाऊन लागला.

मैदानाला कुलूप, सोसायटीच्या गच्चीलाही कुलूप. बाबा तळोज्याच्या केमिकल कंपनीत, त्यांना पास होता म्हणून ते तेवढे बाहेर पडायचे. बाकीचं घर खायला बसलं. धाकटा सुगत मोबाईलवर बघून आज पिझ्झा, उद्या पाणीपुरी, परवा ती फेसाळ कॉफी, असा सुटला होता. आई सुनीती लेकाच्या कौतुकाने दोनदा वाढून घ्यायची. महिन्याभरात सगळे सैल कपड्यांवर आले.

अस्मिता मात्र हट्टाला पेटली. सोफा भिंतीला सारून बैठका काय, उड्या काय, विचारू नका. दम टिकावा म्हणून गॅलरीत उभी राहून एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' घुमवायची. खालच्या मजल्यावरचे रशीदचाचा आपल्या गॅलरीतून सांगायचे, "दम गेला बेटा, आऊट." आधी तिला वैताग यायचा, पुढे पुढे त्यांच्याशिवाय करमेना.

बाबांनी वजनकाटा आणून दिला आणि घराची शांती गेली. सकाळी उठली की आधी काटा, मग ब्रश. आकडा जरा सरकला की भाकरी अर्धी. मग भाताला रजा. बुद्धपौर्णिमेला आईने दूध आटवून खीर केली, तर या बयेने एक चमचा घेतला आणि वाटी सुगतकडे ढकलली.

"अगं, वाढीचं वय आहे तुझं," आई म्हणाली.

"टेन्शन नको ना देऊस. संघात गेले की खाईन."

आईला वाईट वाटलं. पण पोरीने काहीतरी मनावर घेतलंय, म्हणून तिने आग्रह सोडला.

चाचणी पुढे गेली. परत पुढे गेली. मैदान उघडलं, जरा हायसं वाटलं, तोवर दुसरी लाट आली आणि पुन्हा बंद. अस्मिताने पंचावन्न काही ओलांडू दिले नाहीत. उड्या मारताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, केस मूठमूठ गळायचे, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटी एकदाची चाचणीची तारीख आली. मैदानावर तिच्या प्रशिक्षक पुतळाताई उभ्या होत्या. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या, आवाज मैदानाच्या त्या टोकाला जाईल असा.

"अगो, काय अवतार केलास ह्यो? पार काटकी झालीस."

"ताई, वजन करा माझं. पंचावन्नच्या आत आहे," अस्मिता ऐटीत म्हणाली.

पुतळाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पन पोरी, तुला सोळा सरली ना? आता तू मोठ्या पोरींत. तिथं पासष्टपर्यंत चालतं."

अस्मिताने मान वळवून पाहिलं. पलीकडे मोठ्या गटातल्या पोरी अंग मोकळं करत होत्या, एकेकीच्या मांड्या भरदार. त्यातल्या एकीने नुसता घोटा पकडला असता तरी अस्मिता जागची हलली नसती.

सोळावा वाढदिवस घरातच झाला होता की. दुसऱ्या लाटेत, दारं लावून. सुगतने कुकरमध्ये केक केला, बाबांनी फोटो काढले. तिने केक कापला, सगळ्यांना भरवला, स्वतः बोटालासुद्धा लावून घेतला नाही. मग आत जाऊन काट्यावर उभी राहिली आणि आकडा बघून खूश झाली. संघ त्याच दिवशी तिच्या हातून गेला होता.