पोचबाई आणि गुलाबी कार्ड

टपाल कचेरीत रजिस्टर्ड पत्रांच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळी वस्ती पोचबाई म्हणे. पोच घेतल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही दिलं नव्हतं. सख्ख्या जावेला शिडी उसनी दिली, तरी चिठ्ठीवर सही घेत, असं लोक हसून सांगत.

मास्तरांची बायको घरी शिवणकाम करायची. पोचबाईंच्या जिभेच्या धाकाने ती त्या खिडकीकडे सहसा फिरकत नसे. पण मास्तरांना शाळेतून उचलून नेलं, त्याला अकरा महिने झाले होते. गुन्हा एवढाच, की गायब झालेल्या एका विद्यार्थिनीचं नाव हजेरीपटातून खोडायला त्यांनी नकार दिला. तुरुंगाच्या दारात ती गेली की उत्तर ठरलेलं, "असा माणूस आमच्याकडे नाही." बाहेरच्या देशांनी विचारलं, तर सरकारने त्यांनाही हेच सांगितलं. माणूस आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

नवा अर्ज रजिस्टर करायला ती खिडकीशी आली, तेव्हा पोचबाईंनी पाकिटावरचं मास्तरांचं नाव दोनदा वाचलं.

"हे तुमचे कोण?"

"आमचे हे."

"मग ऐका, ताई. यांना परदेशातून पत्रं येतात. सात आली. अशा पकडलेल्यांसाठी लिहिणारी माणसं असतात म्हणे; पाकिटामागे धंद्यासकट नावं आहेत. कुणी निवृत्त नर्स आहे, कुणी पाववाला, एक पियानो दुरुस्त करणारा. ओळख ना देख, पण पत्ता कसा सुवाच्य! तुरुंगाने सगळी परत पाठवली. वर नुसतंच लिहिलं, 'असा इसम नाही.' मी पुन्हा तिकडेच धाडली."

"का हो, बाई?"

"खाली सही नाही, शिक्का नाही. नियम आहे. एक तर ज्याचं पत्र त्याने सही करावी, नाही तर तो नाही असं अधिकाऱ्याने स्वतःच्या नावानिशी लिहून द्यावं."

तोंडाने सगळेच नाही म्हणत होते, पण कागदावर आपलं नाव घालायला कुणी तयार होईना. पत्रं तीनदा गेली, तीनदा आली. वरिष्ठांनी पोचबाईंना दम भरला. त्या म्हणाल्या, "नियम बदला, लगेच ऐकते."

मग तुरुंगात नवा कारकून आला, करखात्यातून बदलून. अपुरा फॉर्म दिसला की त्याला अन्न गोड लागत नसे. मास्तर कागदोपत्री नाहीत, हे त्याला सांगायचं सगळ्यांचंच राहून गेलं. टेबलावरचा ढीग बघून तो चिडला, कोठडी शोधत गेला आणि पत्रांना जोडलेल्या, पाठवणाऱ्याकडे परत जाणाऱ्या सातही गुलाबी पोचकार्डांवर सह्या घेऊन आला.

पोचबाईंनी निरोप धाडला. मास्तरीणबाई धावत आल्या.

"पाठवणाऱ्याचं कार्ड दुसऱ्याला दाखवता येत नाही," पोचबाई कडक आवाजात म्हणाल्या. कार्ड काचेलगत उभं ठेवून त्यांनी चष्मा काढला. "माझा चष्मा फार मळलाय. पुसायला वेळ लागेल."

सही मास्तरांचीच होती. खाली रेघ, आणि वही तपासल्यासारखी तारीख. परवाचीच! मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी धरला. पोचबाई चष्मा पुसतच राहिल्या.

कार्डं समुद्रापार गेली. नर्सने आणि पाववाल्याने ती आपापल्या सरकारांपुढे ठेवली. नाही म्हटलेल्या माणसाची तारखेसह सही! चार देशांनी जाब विचारला. आधी भेटीची परवानगी मिळाली आणि आठ महिन्यांनी मास्तर घरी आले. ते निम्मे झाले होते, पण आले.

ते सगळ्यात आधी गेले त्या खिडकीशी. रांगेत उभे राहिले. त्यांच्या नावे आठवं पत्र आलेलंच होतं, पाववाल्याचं.

"ओळखपत्र?" पोचबाईंनी विचारलं.

"अहो बाई, माझी सही तुम्ही ओळखता!"

"सही ओळखते. माणूस आज बघतेय." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "करा सही. आणि पाववाल्याला उत्तर लिहा. त्याची पोच अजून बाकी आहे."

त्या संध्याकाळी मास्तरांनी सात पत्रं लिहिली. मास्तरीणबाईंनी पाकिटं चिकटवली आणि स्वतः लिहिलेलं आठवं, पोचबाईंच्या नावाचं, विनातिकिटाचं, सकाळी खिडकीतून आत सरकवलं.