एक जूनची जन्मतारीख

उच्च न्यायालयानं आरोपीचं अपील फेटाळलं, त्या दिवशी ते सांगायला घरात कोणी नव्हतं. पत्नी जाऊन चार महिने झाले होते.

तपास मी वेल्हे तालुक्यात फौजदार असताना केला होता. पानशेतकडच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला, "सायेब, धनगरवाड्यावरची पोर चार दिस शाळंत न्हाई. आई लई रडतीया. बाईमानूस घिऊन या."

महिला हवालदार साध्या वेशात गेल्या. मुलीनं आईचा हात धरून अत्याचाराचं सगळं सांगितलं. बंगल्यांची राखण करणाऱ्या तिशीतल्या इसमाला त्याच दिवशी ताब्यात घेतलं.

चौकशीत तो निवांत होता. "पोरगी अठराची हाय, सायेब. आमचं लगीन ठरलं व्हतं."

"कुणी ठरवलं?"

"आमीच."

"तिच्या आईला विचारू?"



शाळेच्या दाखल्याप्रमाणे मुलगी पंधराची होती. मी निर्धास्त झालो. जेवताना पत्नीला एवढंच म्हणालो, की जन्मतारीख एक जून आहे. भोरच्या डोंगरातल्या शाळांत तिनं वीस वर्षं शिकवलं होतं. ती हसली.

"अहो फौजदार, माझ्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच आहेत! आईबापांना तारीख आठवत नाही, मग पहिलीत घेताना आम्हीच ती टाकतो. वकील तुमच्या दाखल्याच्या चिंध्या करील. लस टोचणाऱ्या नर्सबाईंना गाठा."

"आता तपास तू मला शिकव," मी म्हणालो. सकाळी मात्र आरोग्य उपकेंद्रात गेलो. नर्सबाईंनी दोन कपाटं उपसून जुनी नोंदवही काढली. वाड्यावर जाऊन बाळाला दिलेली पहिली लस तारीख आणि आईच्या नावासह त्यात होती. मुलगी चौदाचीच निघाली. पंचनामा करून वही जप्त केली.

शिक्षा झाली, आरोपी अपिलात गेला. मी निवृत्त झालो तरी मुलीची आई फोन करायची. "सायेब, त्यो सुटून परत हितं येनार न्हाई ना?" मी अपिलाची पुढची तारीख सांगायचो. बचावाचा सगळा भर वयावरच होता: तारीख बनावट, मुलगी सज्ञान. न्यायालयानं दाखला बाजूला ठेवला आणि नोंदवहीच्या आधारे शिक्षा कायम केली.

आईला मीच कळवलं. "व्हय?" ती म्हणाली, आणि निकाल पुन्हा एकदा सांगायला लावला.

नोकरीभर मी कागद गोळा केले. तो कागद कोण, कसा भरतं, हे विचारायला या खटल्यानं शिकवलं. पत्नीला हे कधी बोलून दाखवलं नाही.

मुलगी आता पुण्यात कॉलेजला आहे. शनिवारच्या एसटीनं ती एकटी घरी येते.