पडदेवालीची बोली

पडदेवाली कुणाच्याही घरात शिरली की आधी खिडकीकडे बघायची, माणसांकडे नंतर. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल. स्टूल मागायची, वर चढायची आणि दांडीपासून जमिनीपर्यंत माप टिपून घ्यायची. "कापड दुप्पट लागेल," ती बजावायची. "चुण्या पडल्या नाहीत तर पडदा कसला, फडकं दिसेल ते." खाली चांगली वीतभर दुमड ठेवायची, कारण पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि दोष शिवणारीवर येतो. तिच्या हातचे पडदे अर्ध्या गावात लटकत होते. स्वतः मात्र ती एका दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहायची. तिथली एकुलती एक खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला हात लागायचा.

नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. सावकाश माणूस. त्याला काही विचारलं की उत्तर यायला एक चहा व्हायचा. मूलबाळ नव्हतं. दोघांनी मिळून पै पै जोडली होती ती घरासाठीच, पण कुठलं घर हे काही ठरत नव्हतं.

ते ठरलं एका दुपारी. उताराच्या टोकाला कोपऱ्यावर एक दुमजली घर होतं. तिथल्या बाईंकडे ती कितीतरी वर्षं पडदे शिवत होती. बाईंचा मूड बदलला की पडदे बदलायचे, म्हणून त्या घराची खिडकी न् खिडकी तिला पाठ होती. त्या दिवशी ती कापडाचे नमुने घेऊन गेली, तर बाई म्हणाल्या, "आता पडदे नकोत गं. घरच विकतेय. मुलीकडे जाऊन राहणार."

"केवढ्याला?" पडदेवालीच्या तोंडून निघून गेलं.

"का? तुला घ्यायचंय?"

"घेईन की."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना तुम्ही," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या घरात तिला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. खुर्चीवरही ती आजवर फक्त चढली होती, बसली कधी नव्हती. ती बसली, आणि तिथंच तिचा घात झाला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हातावरचं ग्रीस पुसत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अंथरुणं मीच शिवते," ती म्हणाली. "किती पसरायचं ते मला ठाऊक आहे."

बाईंनी व्यवहार एका दलालाकडे सोपवला होता. त्याला सगळे साखऱ्या म्हणायचे. माणूस इतका गोड बोलायचा की त्याच्याशी बोलून आल्यावर पाणी प्यावंसं वाटायचं. त्यानं तिला ऑफिसात बसवून बोली कशी लावायची याचे धडेच दिले. "नुसता आकडा मोठा असून भागत नाही, ताई. विकणाऱ्याला काय हवं असतं? पैसा लवकर आणि कटकट कमी. तुम्ही म्हणाल आधी गळती काढून द्या, रंग लावून द्या, बँकेचं होईपर्यंत थांबा, की संपलं. दुसरा म्हणेल, आहे तसं घेतो, उद्या इसार देतो. घर त्याचं."

"दुसरा कोण आहे?"

"दातांचे डॉक्टर आहेत एक. मोठी पार्टी. पण बाईंचा ओढा तुमच्याकडे आहे हो. म्हणतात, घराला जीव लावणारं माणूस हवं." तो जरा पुढे वाकला. "खरं सांगू? तुमच्यात आणि डॉक्टरांत फार तर एका खोलीचं अंतर आहे."

एका खोलीचं, हे शब्द तिच्या डोक्यात रुतून बसले. कारण एक खोली होती. ती ताईची होती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पडदेवाली अजून वेणी घालून घ्यायच्या वयाची होती. ताईनं लाँड्रीत इस्त्रीला उभं राहून तिला वाढवलं, शिवणाच्या क्लासला घातलं, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न त्या गडबडीत राहून गेलं. जन्मभर उभं राहून खुब्याची हाडं झिजली, पण इस्त्रीच्या त्या वाफेतूनच तिनं तळमजल्यावर एक खोली विकत घेतली होती. दारात बाकडं होतं. संध्याकाळी आजूबाजूच्या बायका तिथे जमायच्या आणि गावातली सगळी लग्नं मोडायची किंवा जुळायची ती त्या बाकड्यावर.

पडदेवाली गेली आणि तिनं घराचं वर्णन केलं. ऊन कसं येतं, वारा कसा खेळतो. "तुला खालची पूर्वेची खोली. संडास लागूनच आहे. जिना चढायला नको. आता या वयात एकटं कशाला राहायचं, ताई?"

ताई म्हणाली, "छोटे, या खोलीत मी दिवा लावायला कुणाला विचारत नाही."

"माझ्या घरात काय विचारावं लागेल? काहीतरीच तुझं."

ताईला नाही म्हणता येत नव्हतं. छोटीला तिनं कधी नाही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे ते कसं म्हणतात हेही तिला माहीत नव्हतं. खोली घाईनं विकली. घाई दिसली की गिऱ्हाईक भाव पाडणारच. शेजाऱ्यानंच पडत्या भावात घेतली. कपाट पडदेवालीच्या दोन खोल्यांत मावेना म्हणून तेही तिथंच राहिलं. "तात्पुरतं आहे," पडदेवाली म्हणाली आणि कापायच्या टेबलाशेजारी ताईची खाट टाकली.

त्या पैशांच्या जोरावर बोली वाढवली. डॉक्टरांनी त्याहून वाढवली. हिनं आपलं कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन विकून पुन्हा वाढवली. गळतीची अट काढली, रंगाची काढली. बँकेकडून कर्ज मंजूर करून घेऊन कागदच बाईंपुढे ठेवला. बाई तो बघून म्हणाल्या, "तुम्ही फार व्यवस्थित आहात हो." आणि लगेच, "एवढे पडदे उतरवून धुऊन पुन्हा लावून द्याल का? घर बघायला माणसं येतात, बरं दिसत नाही." पडदेवालीनं ते फुकट केलं. आपल्याच घराचं काम, त्याचे पैसे काय घ्यायचे? धुतलेले पडदे लावताना तिनं बाईंच्या पलंगाची जागा मनातल्या मनात बदललीसुद्धा.

त्यानंतर साखऱ्याचा फोन लागेना. शेवटी ती स्वतःच घरी गेली. दिवाणखान्यात खोकी बांधून तयार होती आणि बाई खुशीत होत्या.

"अगं, ये ये. घर गेलं. डॉक्टरांनीच घेतलं."

'तुम्ही' गेलेलं होतं. पडदेवालीला आधी तेच ऐकू आलं.

"पण माझी बोली..."

"तुझा फार उपयोग झाला हो," बाई मनापासून म्हणाल्या. "डॉक्टरांना देणार हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. पण तो चिकट माणूस, वर सरकेना. मग साखऱ्यानं त्याला सांगितलं, अहो, पडदे शिवणारी बाई तुमच्यापुढे चाललीय. झालं. लाजेनंच चढत गेला." त्यांना खरोखर हसू आलं. आपण काही वाईट बोलतोय हे त्यांच्या मनातही नव्हतं. "आणि हे पडदे तू घेऊन जा. डॉक्टरीणबाईंना खिडक्यांना पट्ट्यांचे ब्लाइंड्सच हवेत. कापड चांगलं आहे, तुझ्या कामी येईल."

पडदेवालीनं पडदे घेतले. स्टूल मागून स्वतःच उतरवले, घड्या घातल्या आणि दोन्ही हातांत गठ्ठा धरून उतार उतरली. रस्त्यात रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन तिनं त्या कापडाच्या उशांच्या खोळी शिवल्या आणि विकल्या.

त्यानंतर ताईचं तात्पुरतं लांबत चाललं. शेजाऱ्यानं ताईची खोली रंगवून चांगल्या भावात पुढे विकली, ती बातमीही आली. बाहेरच्या खोलीत पहाटेपासून मशीन चालायचं, त्याला लागून ताईची खाट. ताई कपड्यांच्या ढिगात आणखी एक ढीग होऊन पडून असायची. अंधारून आलं की हळूच विचारायची, "छोटे, दिवा लावू का?"

"लाव ना. विचारतेस काय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताई टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारावंसं वाटायचं. पण पडदेवालीला तो प्रश्न टाचणीसारखा टोचायचा. एकदा ती खेकसली, "अंधारात बस, नाहीतर लाव. मला विचारू नकोस." मग ताई विचारायची थांबली. दिवाही लावायची थांबली.

वर्ष सरता सरता एक फ्लॅट निघाला. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण तीन बाजूंनी मोकळा. विकणारी एक तरुण बाई होती. तिचा नवरा स्कूटरवरून पडून हॉस्पिटलात होता, ऑपरेशन अडलेलं होतं. पडदेवालीच्या आधी एक शिक्षक नवरा-बायको येऊन गेले होते आणि त्यांनी चांगली बोली लावली होती.

पडदेवाली नवऱ्याला घेऊन आत शिरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खिडकी सोडून माणसाकडे आधी पाहिलं. टेबलावर औषधांची पिशवी. न विंचरलेले केस. हातातला फोन बाई खाली ठेवत नव्हती. पडदेवालीनं एवढंच बघितलं आणि शिक्षकांपेक्षा बराच कमी आकडा सांगितला. नवरा चमकून तिच्याकडे बघायला लागला.

"ते मास्तर जास्त देतायत," तरुण बाई म्हणाली.

"देतील ना. चांगली माणसं आहेत. पण बँक त्यांना कागद मागेल, मग आणखी कागद मागेल. महिना जाईल, दीड जाईल. तुमच्याकडे तेवढा वेळ असेल तर त्यांनाच द्या." आवाज गोड होता. साखऱ्याचा आवाज. "माझ्याकडे कर्जाची भानगड नाही. उद्या सगळे देते."

"थोडं तरी वाढवा, मावशी."

पडदेवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हे ती कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंकडे शिकली होती. समोरचीचा फोन वाजला, ती आत जाऊन बोलून आली, आल्यावर तिचे डोळे लाल होते. पडदेवाली तशीच बसून होती.

"उद्या सकाळपर्यंत थांबते," ती उठताना म्हणाली. "परवा दुसरं घर बघायला जायचंय." दुसरं घर नव्हतंच. "आणि जागा लगेच रिकामी लागेल. सामान नंतर नेते वगैरे जमणार नाही."

सकाळी होकार आला. पैसे देऊन परत येताना नवरा म्हणाला, "थोडं वाढवून दिलं असतं तर आपलं काय गेलं असतं?"

"आपल्याला कुणी दिलं?"



ताईच्या पैशाशिवाय तो रोखीचा डाव खेळता आलाच नसता. पण ताईला तीन जिने कुठले चढायला? एकदा प्रयत्न केला. पहिल्या वळणावर ताई बसली आणि धापा टाकत हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते." ती आली नाही. काही दिवस तिला दुकानामागच्या खोल्यांत ठेवलं. मग दोन-दोन जागांचा खर्च पडदेवालीला जड वाटायला लागला. गावाबाहेर एक वृद्धाश्रम होता, तिथे नाव घातलं.

सोडायला गेली तेव्हा ताईनं खाटेवरची चादर हातानं सारखी केली, कोपरे इस्त्री केल्यासारखे दुमडले आणि म्हणाली, "जागा स्वच्छ आहे. तू जा, उशीर होईल." सुरुवातीला पडदेवाली दर आठवड्याला जायची. मग काम नसेल तेव्हा. आणि काम तर असायचंच.

घरात तिला झोप छान लागायची. लोक म्हणायचे घर तिला लाभलं. ओळखीतल्या बायका घर घ्यायला निघाल्या की तिला सोबत न्यायला लागल्या. "भिंती नंतर बघा," ती त्यांना सांगायची. "आधी विकणाऱ्याची नड बघा." तिच्यामुळे बऱ्याच जणींना घरं स्वस्तात मिळाली. त्या दुवा देत.

एकदा दुपारी ती दांडीला रिंगा घालत असताना वृद्धाश्रमातून फोन आला. व्यवस्थापिका बोलत होत्या. "तुमच्या ताईंची खाट दाराशी आहे. सारखी ये-जा असते, त्यांना खोकला झालाय. खिडकीजवळची एक खाट रिकामी झालीय. महिन्याला थोडे जास्त पडतील. ताईंनी काही मागितलं नाही, मीच विचारतेय."

"आणखी कुणी मागतंय का ती खाट?" पडदेवालीनं विचारलं.

"एक आजी आहेत. त्यांचा मुलगा तयार आहे. पण ताई आधीपासून आहेत, म्हणून म्हटलं तुम्हाला आधी विचारावं."

"तो देतोय त्यापेक्षा कमीत होईल?"

"नाही हो. ते कसं होणार?"

"मग त्यांना द्या," पडदेवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा जेवत होता. "कुणाचा होता?"

"आश्रमाचा. खाटेचं काहीतरी."

त्यानं मान हलवली, पाणी प्यायला आणि कुठल्यातरी बिघडलेल्या पंपाकडे निघून गेला. तिनं उरलेल्या रिंगा दांडीत ओवल्या.